ई-रीडर की टॅबलेट? आधी पुस्तक दाखवा

बडोद्यात राहून मराठी वाचणाऱ्याला नवं पुस्तक दुकानात चाळून घेणं पुण्याइतकं सोपं नाही. एक तर ते मागवायचं, नाहीतर पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत जागा शोधायची. त्यामुळे डिजिटल पुस्तकांचा विषय इथे हौसेचा कमी आणि सोयीचा जास्त असतो. कुणाकडे मुलगा परदेशातून येणार असतो, कुणाला निवृत्तीचे पैसे मिळालेले असतात, कुणाला साठीनंतर बारीक टाइप दिसेनासा झालेला असतो. मग प्रश्न येतोच: किंडल घेऊ की टॅब?

यावर सगळीकडे एकच उत्तर मिळतं. नुसतं वाचायचं असेल तर ई-रीडर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या किंडलसारखं फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र; बाकीचंही करायचं असेल तर टॅबलेट. इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्याला हे उत्तर पुरतं. मराठी वाचणाऱ्याला मात्र त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही जे वाचणार आहात ती फाइल कोणत्या जातीची आहे? माझ्या मते निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच होतो. पण तिथे जायच्या आधी ही दोन यंत्रं आतून कशी चालतात ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

पडद्यामागे काय चालतं

टॅबलेटचा पडदा स्वतः उजेड टाकतो. एलसीडी असेल तर मागे दिवे असतात, ओलेड असेल तर एकेक ठिपकाच पेटतो. आपण वाचतो ते अक्षर म्हणजे त्या उजेडात राहिलेली काळी जागा. कंदिलाच्या काचेवर शाईने लिहून ते वाचत बसावं, तसा हा प्रकार. घरात उत्तम दिसतं. तोच टॅबलेट दुपारी कमाटीबागेतल्या बाकावर उघडला की उन्हापुढे त्याचा दिवा फिका पडतो आणि पानाऐवजी आपलाच चष्मा दिसायला लागतो.

ई-रीडरचं तंत्र वेगळं आहे. त्याला ई-इंक म्हणतात. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये झालेल्या कामातून १९९७ साली याच नावाची कंपनी निघाली, आणि आज बाजारातल्या बहुतेक ई-रीडरांना तिचाच पडदा असतो. या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य बारीक कुप्या असतात. कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्या द्रवात तरंगणारे दोन प्रकारचे कण: पांढऱ्यांवर धन भार, काळ्यांवर ऋण. खालून एका दिशेने विद्युत दाब दिला की पांढरे कण वर येतात आणि तिथे कागद दिसतो. दिशा उलटी केली की काळे वर येतात आणि तिथे अक्षर दिसतं. महत्त्वाचं पुढेच आहे. एकदा वर आलेले कण वीज काढून घेतली तरी जागचे हलत नाहीत. म्हणजे पान दिसत राहायला वीज लागत नाही, फक्त पान बदलायला लागते. खोलीतला उजेड या कणांवर पडून आपल्या डोळ्यांकडे येतो. छापील पानाचंही तसंच असतं. म्हणून उन्हात ई-रीडर जास्तच खुलतो.

'अगदी कागदासारखं' ही जाहिरात मात्र थोडी ताणलेली आहे. ई-इंकचा पांढरा रंग खरं तर करडा असतो. चांगला पांढरा कागद जेवढा उजेड परत पाठवतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास हा पाठवतो. संध्याकाळच्या खोलीत दिव्याशिवाय तो मळकट दिसतो. म्हणून २०१२ पासून ई-रीडरांना पुढचा दिवा आला. पडद्याच्या कडेला बारीक एलईडी असतात, आणि वरच्या पातळ पारदर्शक थरातून त्यांचा उजेड पानावर उतरवला जातो. उजेड असा पारदर्शक थरातून फिरवून पुस्तकापर्यंत पोचवायची कल्पना बडोदेकरांना नवी वाटू नये. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन जाड काचेची आहे. वरच्या मजल्यावरचा उजेड खाली झिरपावा म्हणून ती तशी केली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली, त्या काळाचा हा वारसा.

ई-इंकची दुसरी उणीव वेगाची. कण द्रवातून सरकणार, त्याला वेळ लागणारच. पान उलटताना पडदा मधूनमधून क्षणभर काळा-पांढरा होतो, आणि कधी मागच्या पानाची पुसट सावली राहते. दोन दिवसांत याची सवय होते. पण पान मोठं करून बोटाने इकडेतिकडे सरकवणं या पडद्यावर फार कंटाळवाणं असतं. प्रत्येक सरकवण्याला तो अडखळतो. हे ध्यानात ठेवा, पीडीएफची गोष्ट निघेल तेव्हा लागेल.

बॅटरीच्या जाहिरातीचंही जरा गणित करून बघा. २०२४ च्या किंडल पेपरव्हाइटची बॅटरी बारा आठवडे चालते, असं कंपनी सांगते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद, दिवा मध्यम. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. रोजचा अर्धा तास धरला तर ४२ तास वाचन. साधारण टॅबलेट एका चार्जिंगवर दहा तासांच्या आसपास जातो. फरक मोठा आहे, पण तो चौपट आहे. 'बारा आठवडे' विरुद्ध 'एक दिवस' असं ऐकल्यावर वाटतो तेवढा नाही. रोज तीन तास वाचणाऱ्या आजोबांना ई-रीडर दोन आठवड्यांनी चार्ज करावा लागेल. तरी बरंच.

वजनाचा फरक मात्र खरोखर जाणवतो. सहा-सात इंची ई-रीडर दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅमच्या आत असतो, दहा-अकरा इंची टॅबलेट साडेचारशे-पाचशे ग्रॅमचा. पडून वाचणाऱ्याने टॅबलेट तोंडावर पाडून घेतला की हा आकडा पुन्हा विसरत नाही.

मराठी पुस्तक तीन जातींचं असतं

आता मुख्य गोष्ट. दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंनी मला त्यांच्या फोनवरची पुस्तकं दाखवली. "अरे, चाळीस-पन्नास पुस्तकं आहेत बघ माझ्याकडे, आता फक्त यंत्र घ्यायचंय." सगळ्या पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपवरून जमवलेल्या. मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली. प्रत्येक पुस्तकातलं कुठलंही पान उघडा, एका शब्दावर बोट दाबून धरा, तो शब्द निवडला जातोय का बघा, आणि जात असेल तर कॉपी करून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

या परीक्षेचे साधारण तीन निकाल लागतात.

पहिला निकाल: शब्द निवडला जातो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जशाच्या तसा मराठीत उमटतो. हे युनिकोड. यातलं प्रत्येक अक्षर संगणकाला अक्षर म्हणून कळतं. किंडलच्या दुकानातली मराठी पुस्तकं किंवा ईपब स्वरूपातली पुस्तकं याच जातीची असतात. ईपब म्हणजे वेबपानांसारख्या फायलींचं बांधलेलं एक गाठोडं. त्यात ओळ कुठे तुटावी आणि पान कुठे संपावं हे ठरलेलं नसतं. पडदा केवढा आहे आणि तुम्ही टाइप केवढा ठेवलाय यावर यंत्र जागच्या जागी मजकूर पुन्हा मांडतं. टाइप दुप्पट करा, ओळी आपोआप नव्याने लागतात. ई-रीडर जन्मला तो अशा पुस्तकांसाठी.

दुसरा निकाल: शब्द निवडला जातो, पण पाठवल्यावर भलतंच काहीतरी उमटतं. रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, सगळं एकात एक. घाबरू नका, व्हायरस नाही. मराठी छपाईत वर्षानुवर्षं युनिकोडच्या आधीचे फाँट चालत आले, आणि कितीतरी डीटीपीवाले, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावणारे, अजून त्यांतच काम करतात. त्यांत पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे कुठलंतरी रोमन अक्षर असतं. त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो एवढंच. पीडीएफमध्ये तो मुखवटा सोबत बांधलेला असतो, म्हणून पान नीट दिसतं. पण त्यातला मजकूर सुटा करून ई-रीडरच्या सोयीने पुन्हा मांडायला गेलात की मुखवटा गळून पडतो. प्रकाशकांची जुनी पुस्तकं ई-पुस्तक म्हणून झपाट्याने का येत नाहीत, याचं मोठं कारण इथे आहे. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि मग जोडाक्षर न् जोडाक्षर तपासायचं. ते काम कुणाच्या तरी पगाराचं असतं.

तिसरा निकाल: शब्द निवडलाच जात नाही. म्हणजे ते पान हे एक छायाचित्र आहे. इंटरनेट आर्काइव्ह या फुकट वेबसाइटवर असलेली जुनी मराठी पुस्तकं बहुतेक अशीच, ग्रंथालयातल्या प्रतींचं पान न् पान स्कॅन केलेलं. हा खजिना मोठा आहे आणि कायद्याने मोकळा होत जाणारा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. त्यामुळे १९६५ पर्यंत वारलेल्या लेखकांनी हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२६ पासून सगळ्यांसाठी खुलं झालं. बडोद्याच्या माणसाला तर यात घरचीच माणसं भेटतात. संस्थानाने सयाजी साहित्यमाला नावाने मराठी आणि गुजराती पुस्तकं छापली होती. असलं काही आज वाचायचं तर ते बहुधा स्कॅन म्हणूनच हाती लागतं.

काकूंच्या पुस्तकांत पहिल्या जातीची अगदी मोजकी निघाली. उरलेली सगळी दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीची. अशा पुस्तकांसाठी छोटा ई-रीडर घेणं म्हणजे पैसे टाकून चिडचिड विकत घेणं.

का, ते मोजून बघा. सात इंची ई-रीडरच्या पडद्याची रुंदी १०.७ सेंटिमीटर भरते आणि उंची १४.२. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. तो पूर्ण दिसावा म्हणून यंत्र त्याला निम्मं करतं. चौदा पॉइंटचा टाइप सात पॉइंटचा होतो, म्हणजे औषधाच्या चिठ्ठीवरच्या सूचना. मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला बोटाने पान सरकवायचं. मघाशी सांगितलं ते अडखळणारं सरकवणं ते हेच. डेमी आकाराचं पुस्तक, म्हणजे आपल्या नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं, साधारण १४ बाय २१.६ सेंटिमीटर असतं. ते या पडद्यावर दोन-तृतीयांश होतं. चारी बाजूंच्या कोऱ्या कडा कापून टाकल्या तर जेमतेम वाचण्याजोगं होतं, आणि कडा कापणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत. पण स्कॅन करताना पान तिरकं आलेलं असलं, कागद पिवळा पडलेला असला, की करड्या पडद्यावर त्याची रया जाते. उलट १०.९ इंची टॅबलेटचा पडदा १५.८ बाय २२.७ सेंटिमीटरचा. डेमी पान त्यात पुरतं आणि खऱ्या आकारात बसतं. पिवळेपणाही तसाच दिसतो, मला तर तो आवडतो.

दिवाळी अंकांच्या पीडीएफ, मुलांची चित्रांची पुस्तकं, दोन रकान्यांची मासिकं, नकाशे, पाककृतींची पुस्तकं, ही सगळी टॅबलेटच्याच पारड्यात. रंगीत ई-इंक आता आली आहे. पण तिच्या नेहमीच्या प्रकारात काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांची जाळी बसवलेली असते. त्यामुळे काळं अक्षर इंचाला ३०० ठिपक्यांचं असलं तरी रंग १५० वर येतात, आणि जाळीमुळे सगळा पडदाच थोडा काळवंडतो. मुखपृष्ठ बघायला ठीक. दिवाळी अंकातलं व्यंगचित्र बघायला नाही.

देवनागरीच्या खोड्या

पहिल्या जातीची पुस्तकं तरी निर्धास्त वाचता येतात का? बऱ्यापैकी. अ‍ॅमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरात पाच भारतीय भाषांतली किंडल पुस्तकं आणली, त्यांत मराठी आणि गुजराती दोन्ही होत्या. ज्या घरात आजी मराठी वाचते आणि सून गुजराती, त्या घराची एकाच यंत्रात सोय झाली.

तरी देवनागरी ही रोमनसारखी एकापुढे एक अक्षर ठेवून होत नाही. 'कि' लिहिताना संगणक आधी क साठवतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी क च्या अलीकडे काढावी लागते. 'सूर्य' मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. मराठीत त्यावर आणखी एक: 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत र वेगवेगळा. यासाठी अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर नीट असावं लागतं. जुन्या किंवा स्वस्तातल्या यंत्रावर स्वतःची ईपब टाकली की वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली दिसते, किंवा जोडाक्षराचे पाय सुटे होऊन हलन्त उघडे पडतात. दुसरी खोडी कमी त्रासाची, पण डोळ्यांत खुपणारी. अनेक फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे निघतात. आठ पानांनंतर मी ते विसरतो, पण आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्या विसरत नाहीत.

टाइप मोठा ठेवणाऱ्यांनी एक सेटिंग जरूर बदलावं. मराठी शब्द प्रत्यय लागून लांबलचक होतात, आणि छोट्या पडद्यावर मोठ्या टाइपात एका ओळीत तीन-चार शब्दच मावतात. दोन्ही कडा सरळ ठेवायचा हट्ट केला की शब्दांमध्ये मोठमोठी खिंडारं पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवली की वाचन एकदम सुसह्य होतं.

टॅबलेटकडे इथे एक हुकमाचा एक्का आहे. अँड्रॉइडमध्ये गूगलचा मराठी आवाज मिळतो. युनिकोड मजकूर तो वाचून दाखवतो. उच्चार सरकारी घोषणेसारखे असतात, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वाट बघणाऱ्या माणसाला ते चालतं. दुसऱ्या जातीच्या पीडीएफवर तो आवाज अर्थातच अगम्य काहीतरी बरळतो.

डोळे आणि झोप

यावर जितकं बोललं जातं तितकं माझ्याकडे सांगण्यासारखं नाही. पडद्याचा निळा उजेड डोळे खराब करतो, ही भीती नेत्रतज्ज्ञांच्या संघटना मान्य करत नाहीत. थकवा येतो तो बराचसा पापण्या कमी मिटल्याने. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्याच्या खाली जातं, आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांबचं झाड बघा, दोन्ही यंत्रांना हा उपाय लागू.

झोपेचं मात्र खरं आहे. बोस्टनच्या संशोधकांनी २०१४ साली बारा जणांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. झोपण्याआधी चार तास पूर्ण उजेडात आयपॅडवर वाचणाऱ्यांना, छापील पुस्तक वाचण्याच्या मानाने झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली, आणि झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढलं. पण नीट बघा: चार तास, आणि उजेड पूर्ण. अर्धा तास मंद उजेडात वाचणाऱ्याने हे एवढं मनाला लावून घेऊ नये. ई-रीडरचा पुढचा दिवाही एलईडीच असतो, फक्त तो बराच मंद ठेवला तरी वाचता येतं. टॅबलेट झोप उडवतो तो माझ्या अनुभवात उजेडापेक्षा वरून टपकणाऱ्या सोसायटीच्या ग्रुपच्या संदेशांनी.

दुकानाचं कुंपण

किंडल घेतलं की तुम्ही एका दुकानाचे गिऱ्हाईक होता. बुकगंगासारखी मराठी पुस्तकांची दुकानं आपली ई-पुस्तकं आपल्याच अ‍ॅपमध्ये वाचायला देतात. ते अ‍ॅप टॅबलेटवर चालतं, किंडलवर नाही. टॅबलेटवर मात्र किंडलचं अ‍ॅपही चालतं. म्हणजे मराठी पुस्तकांच्या बाबतीत टॅबलेटवाल्याला सगळी दारं उघडी, ई-रीडरवाल्याला एक. अँड्रॉइड घातलेले ई-इंकचे टॅबलेट हा मधला मार्ग आहे खरा. पण ते महाग पडतात, आणि दुरुस्तीला कुठे न्यायचं हा प्रश्न बडोद्यात राहतोच.

फुकट आणि कायदेशीर मराठीही भरपूर आहे. ई-साहित्य प्रतिष्ठान पीडीएफ देतं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशनं वेबसाइटवर ठेवली आहेत, मराठी विकिस्रोतावर मोकळ्या झालेल्या पुस्तकांचा मजकूर युनिकोडमध्ये टाइप होतोय. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी बहुतेक कारभार पीडीएफचा, म्हणजे पुन्हा बोटाची परीक्षा घ्या. ईपब मिळाली तर 'सेंड टू किंडल' मधून ती किंडलवर पाठवता येते. २०२२ पासून ही सोय आहे.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकाबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या: ते पुस्तक तुमच्या मालकीचं होत नाही, वाचायची परवानगी मिळते. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने आधी विकलेली दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, पण पुस्तक यंत्रावरून गेलं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी विकत घेतलेली फाइल संगणकावर उतरवून घ्यायची सोयही बंद केली. कराचंही विचित्र आहे: छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, आणि त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर २०१८ पासून ५ टक्के. ज्यांच्या घरात आजोबांचं काचेचं कपाट अजून आहे, त्यांनी जपून ठेवण्याजोगं पुस्तक कागदावरच घ्यावं, असं माझं मत.

मग कुणी काय घ्यावं

मुख्यतः इंग्रजी आणि किंडलवर मिळणारं नवं मराठी वाचणार असाल, दिवसाला तासभर तरी वाचत असाल, आणि हातात फोन आला की वाचन राहून जातं हे माहीत असेल, तर ई-रीडर. सात इंची पेपरव्हाइट २०२५ साली भारतात आला तेव्हा सतरा हजारांच्या घरात होता. या पैशांत फक्त वाचायचं यंत्र मिळतं आणि तोच त्याचा गुण आहे.

जुनी मराठी पुस्तकं, स्कॅन, दिवाळी अंक, पीडीएफ, नातवंडांसोबत चित्रं, कुणीतरी वाचून दाखवणं, यांतलं काहीही मुख्य असेल तर दहा-अकरा इंची टॅबलेट, आणि तो अगदी वरच्या श्रेणीतला नसला तरी चालतो. फक्त आठ इंचांचा घेऊ नका. पीडीएफला तो छोटा आणि हातात धरायला ई-रीडरपेक्षा जड. वाचनासाठी वेगळं खातं उघडा, त्यात व्हॉट्सअ‍ॅप घालू नका. काकूंना मी हेच सुचवलं.

अजूनही ठरत नसेल तर एकही पैसा न घालवता करण्यासारखं एक आहे. तुम्हाला खरोखर वाचायची असलेली पीडीएफ संगणकावर उघडा. पट्टी घ्या. पडद्यावर पानाची रुंदी बरोबर १०.७ सेंटिमीटर भरेल इतकं ते लहान करा, आणि उंची १४.२ च्या वर जात असेल तर आणखी लहान. नेहमीचा चष्मा लावा, ई-रीडर धराल तेवढ्या अंतरावर बसा आणि तीन पानं सलग वाचा. मग पानाची रुंदी १५.८ सेंटिमीटर करून, पण उंची २२.७ च्या आत ठेवून, पुढची तीन.